चर्चिल आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ : आरोप नेमका कोणता ठेवायचा?

गोदाकाठ (धागाकर्ती) | सोमवार, सकाळी ९.१०

नाशिकमधला आमचा वाचनगट पुढच्या महिन्यात गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात 'दुसरं महायुद्ध आणि भारत' असं फलकांचं प्रदर्शन लावतो आहे. एकूण १२ फलक. सातवा फलक चर्चिलवर, म्हणजे युद्ध जिंकून देणारा नेता म्हणून जी मूर्ती उभी केली जाते तिची बंगालच्या दुष्काळाच्या बाजूने तपासणी. फलकावर १८० शब्द मावतात. हाती आलेल्या मसुद्यात तीन मुख्य वाक्यं आहेत :

"चर्चिलने ठरवून ४० लाख बंगाली माणसं उपाशी मारली."
"दुष्काळाची बातमी कळताच त्याने विचारलं, मग गांधी अजून मेला कसा नाही?"
"त्या वर्षी पीक भरपूर होतं, सगळं धान्य इंग्लंडला नेलं."

तिन्ही वाक्यं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुरातून उचललेली दिसतात. प्रदर्शन बघायला शाळांची मुलं येणार, त्यांचे इतिहासाचे शिक्षक येणार. एक जरी वाक्य कच्चं निघालं तर सगळा फलक पडेल. जाणकारांनी एकेक वाक्य सोलून काढावं ही विनंती.

---

दस्तऐवज | सोमवार, सकाळी १०.४५

तिन्ही वाक्यं आहेत तशी लावू नका. पहिल्यांदा उद्गारांचं बघू, कारण चूक सगळ्यांत जास्त तिथेच होते.

गांधींबद्दलचा प्रश्न खरा आहे, पण त्याची जागा चुकली आहे. व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या रोजनिशीत ५ जुलै १९४४ च्या नोंदीत तो येतो. गांधीजी आगाखान पॅलेसमधून ६ मे १९४४ ला प्रकृतीच्या कारणाने सुटले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी चर्चिलची तार आली आणि तिच्यात हा प्रश्न होता, असं वेव्हेल लिहितात. दुष्काळाची बातमी आणि हा प्रश्न यांचा संबंध नंतरच्या लोकांनी जोडला. दोन्हींत जवळजवळ वर्षाचं अंतर आहे.

'भारतीय लोक पशुतुल्य, त्यांचा धर्मही तसाच' अशा अर्थाचा दुसरा उद्गार भारतमंत्री लिओ एमरी यांच्या रोजनिशीतला, ९ सप्टेंबर १९४२ चा. म्हणजे 'छोडो भारत' नंतरचा महिना. बंगालमध्ये तेव्हा चक्रीवादळसुद्धा आलेलं नव्हतं. हा उद्गार भारताबद्दलचा द्वेष दाखवतो, दुष्काळाबद्दलचा निर्णय दाखवत नाही.

दुष्काळाशी थेट जोडलेल्या दोन नोंदी एमरींच्याच आहेत. २४ सप्टेंबर १९४३ ला ते लिहितात की, अर्धपोटी राहण्याची सवय असलेल्या बंगाल्यांची उपासमार धट्ट्याकट्ट्या ग्रीकांच्या उपासमारीइतकी गंभीर नाही, हे विन्स्टनचं म्हणणं बरोबर असेलही, पण साम्राज्याच्या जबाबदारीचा विचार ते पुरेसा करत नाहीत. आणि १० नोव्हेंबर १९४३ ला : भारतीय सशांसारखे वीण वाढवतात आणि युद्धासाठी काही न करता आमच्याकडून रोज दहा लाख घेतात, अशी सुरुवात करून चर्चिलने जहाज खात्याच्या मंत्र्याचं मत विचारलं.

फलकावर उद्गार घ्यायचाच तर या दोनांपैकी एक घ्या आणि खाली 'एमरी यांच्या रोजनिशीतून' असं तारखेसह लिहा. कॅबिनेटच्या इतिवृत्तात ही भाषा सापडत नाही. ती एका सहकाऱ्याने लिहून ठेवलेली आहे, हा फरक वाचणाऱ्याला दिसला पाहिजे.

---

आणेवारी | सोमवार, दुपारी १२.२०

'पीक भरपूर होतं' या वाक्यावर लिहितो. हे वाक्य अमर्त्य सेन यांच्या मांडणीचा विपर्यास आहे. सेन यांनी १९८१ मध्ये दाखवलं ते असं : १९४३ मध्ये बंगालमधला धान्याचा एकूण पुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्के कमी होता, पण १९४१ पेक्षा १३ टक्के जास्त होता. आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. तेव्हा माणसं मेली ती धान्य विकत घेण्याची ताकद गेल्यामुळे. 'भरपूर' असं सेन कुठेही म्हणत नाहीत. दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाचा १९४५ चा अहवालसुद्धा तूट धरतो, साधारण तीन आठवड्यांच्या गरजेइतकी.

आता हे आकडे कसे तयार झाले ते बघा, कारण सगळा वाद तिथे अडतो. आपल्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी होती. गावाला तलाठी, त्याच्याकडे पीकपाहणीची नोंद, त्यावरून आणेवारी. इगतपुरीच्या भाताचं काय झालं हे तालुक्याला कागदावर दिसायचं. बंगालमध्ये १७९३ पासून कायमधारा. सारा एकदाच ठरून गेलेला, त्यामुळे सरकारला शेतात डोकावण्याची गरजच उरली नाही आणि गावपातळीवर महसुली कर्मचारीही उरला नाही. पिकाचा अंदाज नजरेने बांधला जाई, कित्येक ठिकाणी चौकीदाराच्या सांगण्यावरून. अशा आकड्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे सहज होतात. सेन यांचे ५ टक्के त्या चुकीच्या आतच बसतात.

दुसऱ्या बाजूला, बांकुरा आणि चिनसुरा इथल्या भातसंशोधन केंद्रांच्या नोंदी आहेत. १९४२ च्या अमन भातावर (डिसेंबरच्या सुमाराला निघणारं भात) तपकिरी ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग पडला आणि काही वाणांचं उत्पादन निम्म्याच्याही खाली गेलं, असं त्यांत दिसतं. मार्क टॉगर यांच्यासारखे अभ्यासक त्यावरून म्हणतात की तूट बरीच मोठी होती. पण केंद्रं दोनच, बंगाल केवढा! त्यात १६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आणि समुद्राच्या लाटा आल्या. आयोगाच्या हिशोबात १४,५०० माणसं आणि १,९०,००० गुरं गेली. गुरं गेली म्हणजे पुढच्या हंगामाची नांगरटही गेली.

अवर्षण मात्र नव्हतं. २०१९ मध्ये गांधीनगरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी जमिनीतल्या ओलाव्याचा हिशोब मांडला, त्यात १८७० पासूनच्या मोठ्या दुष्काळांपैकी १९४३ चा हा एकच ओलाव्याच्या तुटीशी जुळत नाही असं निघालं. फलकावर एवढंच लिहावं : 'पाऊस नेहमीसारखा होता, पीक कमी होतं, पण एवढी माणसं मरावीत इतकं कमी नव्हतं.' टॉगर यांच्या बाजूचे काही वाद घालतील, बाकी या वाक्याला फारसा कोणी हात लावणार नाही.

---

सोमेश्वर | सोमवार, दुपारी १.०५

'सगळं धान्य इंग्लंडला नेलं' हेही काढा. बंगालचा तांदूळ इंग्लंडला गेला नाही. गाऱ्हाणं उलट दिशेचं आहे. बाहेरून जे यायला हवं होतं ते आलं नाही.

---

रामशेज | सोमवार, दुपारी ३.४०

फलकासमोर उभा राहून एखादा अभ्यासू माणूस काय विचारेल ते मांडतो. हे प्रश्न आधीच सोडवलेले बरे.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं. ब्रह्मदेशातून भारतात येणारा तांदूळ, वर्षाला साधारण १५ ते २० लाख टन, एका झटक्यात बंद झाला. एप्रिल १९४२ मध्ये जपानी नौदलाने बंगालच्या उपसागरात धुमाकूळ घातला, वीसहून जास्त व्यापारी जहाजं काही दिवसांत बुडाली. डिसेंबरमध्ये कलकत्त्यावर बॉम्ब पडले. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा जोर मार्च १९४३ पर्यंत चढता होता. ब्रिटनचं अर्धं अन्न समुद्रावरून येत होतं. जुलैत सिसिली, सप्टेंबरमध्ये इटली. जहाज हीच तेव्हा सगळ्यांत दुर्मीळ वस्तू होती.

शिवाय १९३५ च्या कायद्यानंतर अन्न हा प्रांताचा विषय. बंगालमध्ये निवडून आलेलं मंत्रिमंडळ होतं : मार्च १९४३ च्या अखेरपर्यंत फजलुल हक, एप्रिलपासून नाझिमुद्दीन, अन्नमंत्री सुऱ्हावर्दी. पंजाब, ओरिसा, बिहार यांनी आपापलं धान्य बाहेर जाऊ दिलं नाही. दिल्लीला ते सक्तीने काढता आलं नाही. दुष्काळ संहिता (दुष्काळात सरकारने काय करायचं याचे नियम) लागू करायची ती बंगाल सरकारने. केली नाही. लंडनमधल्या एका माणसावर सगळं टाकलं की हे बाकीचे सुटतात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

---

दस्तऐवज | सोमवार, सायंकाळी ६.१५

रामशेज यांचा प्रत्येक मुद्दा बरोबर आहे आणि प्रत्येकाला तारीख लावली की चर्चिलची जबाबदारी जास्त स्पष्ट होते.

जानेवारी १९४३ : हिंदी महासागराकडे जाणाऱ्या जहाजांच्या फेऱ्या कापून ती अटलांटिकला वळवण्याचा निर्णय चर्चिलने घेतला. कपात सुमारे ६० टक्क्यांची. पाणबुड्यांचा जोर बघता हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण हिंदी महासागराच्या काठावरचे देश एकमेकांना धान्य पुरवत ते याच जहाजांनी. कपातीने काय होईल याची सूचना तेव्हाच दिली गेली होती.

मे १९४३ : पाणबुड्यांचा इतका नाश झाला की जर्मनीने त्या उत्तर अटलांटिकमधून मागे घेतल्या. उन्हाळ्यापासून नव्याने बांधल्या जाणाऱ्या जहाजांचं टनेज बुडणाऱ्या टनेजच्या बरंच पुढे गेलं. म्हणजे जानेवारीचं कारण ऑगस्टला तेवढं जड राहिलं नव्हतं.

४ ऑगस्ट १९४३ : व्हाइसरॉय लिनलिथगो यांची मागणी ५ लाख टन गव्हाची. युद्ध मंत्रिमंडळाने दिलं काय, तर इराकमधली १ लाख टन बार्ली आणि ऑस्ट्रेलियाचा फार तर ५० हजार टन गहू, तोही कोलंबोपर्यंत, पुढच्या हुकमाची वाट बघत. लॉर्ड चर्वेल, म्हणजे चर्चिलचे विश्वासू सल्लागार लिंडमन, मागणीच्या विरोधात होते. ऑस्ट्रेलियाचा गहू भूमध्य समुद्राच्या बाजूला, ग्रीस आणि बाल्कन मुक्त झाल्यावर लागेल म्हणून साठवण्याची योजना त्याच काळात चालू होती.

आता फलकासाठी हिशोब. हा टन ब्रिटिश, म्हणजे २,२४० पौंड. माणशी दिवसाला १ पौंड (अर्धा शेर) धान्य धरलं तर ५ लाख टन १ कोटी माणसांना ११२ दिवस पुरतात. ऑगस्टच्या मध्यापासून मोजा, डिसेंबरचं अमन भात खळ्यावर येईपर्यंत नेमके एवढेच दिवस काढायचे होते. मंजूर झालेले दीड लाख टन ३३ दिवसांचे. कोलंबोला थांबलेला गहू वजा केला तर २२ दिवस. ही तीन संख्यांची ओळ ठळक टाईपात घ्या : ११२, ३३, २२.

२२ ऑगस्टला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, संपादक इयान स्टीफन्स यांच्या निर्णयाने, रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसांची छायाचित्रं छापली. वर्तमानपत्र इंग्रज मालकीचं. त्यानंतर 'माहीत नव्हतं' असं कोणालाच म्हणता आलं नाही. २४ सप्टेंबरला मंत्रिमंडळात विषय पुन्हा आला आणि वर्षअखेरीपर्यंत सुमारे २ लाख टन द्यायचं ठरलं.

नोव्हेंबरमध्ये कॅनडाने १ लाख टन गहू देऊ केला. चर्चिलने कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना कळवलं की कॅनडाहून दोन महिने लागतील, ऑस्ट्रेलियाहून तीन ते चार आठवडे, तेव्हा जहाज ऑस्ट्रेलियाकडे लावलेलं बरं. वाहतुकीच्या हिशोबात हे उत्तर चोख आहे. प्रश्न एवढाच की ऑस्ट्रेलियाकडे तेवढी जहाजं त्या महिन्यांत लावली का? मागणीच्या मानाने नाही.

---

जेलरोड | सोमवार, रात्री ९.३०

या चर्चेत नाशिकचा धागा कोणी ओढला नाही, म्हणून लिहितो. दुष्काळातली भाववाढ समजून घ्यायची तर नाशिकरोडच्या छापखान्यापाशी यावं लागतं.

भारतातल्या नोटा १९२८ पासून नाशिकरोडला छापल्या जाऊ लागल्या, पहिली पाच रुपयांची. त्याआधी त्या इंग्लंडमधून छापून येत. युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर १९३९ मध्ये ब्रिटन आणि भारत सरकार यांच्यात खर्चवाटपाचा करार झाला. भारताच्या संरक्षणाचा नेहमीचा खर्च भारताचा, बाहेरच्या आघाड्यांचा आणि ब्रिटनसाठी केलेल्या खरेदीचा खर्च ब्रिटनचा. ऐकायला न्याय्य. पण ब्रिटन पैसे द्यायचं ते लंडनच्या खात्यात पौंड जमा करून. ते पौंड बहुतांशी युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकून पडले. रिझर्व्ह बँक मात्र त्या जमेवर इथे रुपये काढायची, कारण तंबू, ताग, कापड, गहू, मजुरी याचे पैसे इथे रोख द्यायचे होते.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या. युद्ध संपलं तेव्हा ११०० कोटींच्या वर. सहा पट! चांदी वाचवण्यासाठी १९४० मध्ये एक रुपयाची नोट काढली, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेची दोन रुपयांची. नोटा सहा पट आणि बाजारात माल तेवढाच, किंबहुना सैन्याने उचलल्यामुळे कमी. भाव कुठे जाणार?

आणि नोटा पोचत कुठे होत्या हे त्याहून महत्त्वाचं. कलकत्त्याच्या गिरण्या, गोदी, रेल्वे, विमानतळांची बांधकामं, कंत्राटदार. ऑगस्ट १९४२ मध्ये बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सची अन्नपुरवठा योजना आली, तिच्यातून उद्योगांतल्या कामगारांना स्वस्त तांदूळ मिळत राहिला. ज्याच्या हातात नवी नोट आली तो जगला. खेड्यातला शेतमजूर, कोळी, नावाडी, कुंभार यांच्यापर्यंत भाव पोचला, नोट पोचली नाही.

युद्ध संपताना ब्रिटन भारताचं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा, म्हणजे पौंडाला १३ रुपये ३३ पैसे धरून १७३३ कोटी रुपये. दस्तऐवज यांनी दिलेली १० नोव्हेंबरची नोंद पुन्हा वाचा. 'रोज दहा लाख' म्हणजे हेच, रोज दहा लाख पौंड, १ कोटी ३३ लाख रुपये. चर्चिलला ती खैरात वाटत होती. प्रत्यक्षात ते कर्ज होतं आणि ते बंगालच्या शेतमजुराच्या ताटातून काढलेलं होतं. हे लिहिताना हात थरथरतो. सशांचा उद्गार सगळे सांगतात, त्याच वाक्याचा हा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही.

---

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ८.०५

जेलरोड दादा, हे फलकावर घेतेच. नाशिकच्या माणसाला लगेच भिडेल. फक्त 'नाशिकच्या छापखान्यामुळे दुष्काळ पडला' असा अर्थ कोणी काढू नये म्हणून शब्द जपून वापरावे लागतील.

---

लासलगाव बाजार | मंगळवार, सकाळी ११.००

भावाचा मुद्दा आणखी जवळून दाखवतो. कलकत्त्याचा घाऊक तांदूळ, मणाला (बंगाली मण साधारण ३७.३ किलो, ४० शेर) :

११ डिसेंबर १९४२ : १३ ते १४ रुपये
१२ मार्च १९४३ : २१ रुपये
२१ मे : ३० च्या वर
२० ऑगस्ट : ३७ रुपये

शेराचा हिशोब करा. डिसेंबरमध्ये शेरभर तांदूळ साडेपाच आण्यांच्या आसपास, ऑगस्टमध्ये पावणेपंधरा आणे. आठ महिन्यांत मजुरी पावणेतीन पट कोणाची झाली? शिवाय हा भाव कलकत्त्याचा. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत याच्या दुपटीच्या पुढे गेला.

मार्चमधली उडी का आली ते बघा. सरकारने आधी भाव बांधून दिले, तेव्हा बांधलेल्या भावाला माल बाजारात आला नाही. ११ मार्चला बंधन उठवलं, भाव सुटला. मग मेमध्ये पूर्व भागातल्या प्रांतांत धान्याचा व्यापार खुला केला. कलकत्त्याचे व्यापारी बिहार, ओरिसात शिरले, तिथलेही भाव पेटले, थोड्या आठवड्यांत तेही बंद. जूनमध्ये साठे शोधण्याची मोहीम काढली, तर सुरुवातीला कलकत्ता आणि हावडा वगळून! जिथे मोठे साठे तिथेच हात लावला नाही.

कांद्याचा बाजार रोज बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. सरकार आज बंदी, उद्या खुलं, परवा छापे करायला लागलं की भाव चढणार हे चाळीत माल असलेल्या प्रत्येकाला कळतं. माल दाबला जातो. फक्त कांद्यावाचून माणूस मरत नाही.

आणि तांदूळ नेणार कसा? १९४२ च्या उन्हाळ्यात जपानी उतरले तर त्यांना वाहन मिळू नये म्हणून किनारी जिल्ह्यांतल्या दहा किंवा जास्त माणसं नेणाऱ्या होड्या सरकारने काढून घेतल्या, मोडल्या, बुडवल्या. नोंदलेल्या ६६,५०० पैकी सुमारे ४५,०००. पूर्व बंगालमध्ये होडी म्हणजे बैलगाडी, नांगर आणि जाळं तिन्ही. कोळ्याचा धंदा गेला, कुंभाराची मडकी हाटाला जाईनात, नदीतल्या गाळाच्या बेटांवर, म्हणजे चर जमिनीवर, शेती करणाऱ्याला शेतापर्यंत जाता येईना. पहिल्यांदा मेले ते हेच. या धोरणाचा हुकूम बंगालचा गव्हर्नर जॉन हर्बर्टने दिला, मंत्रिमंडळाला धड न विचारता. हे पाप चर्चिलच्या नावावर टाकू नका, ते हर्बर्टचं.

---

आणेवारी | मंगळवार, दुपारी २.३०

रामशेज यांनी दुष्काळ संहितेचा उल्लेख केला, त्याला पुस्ती. संहिता जाहीर केली की सरकारवर बंधन येतं : कामं काढायची, काम न करू शकणाऱ्यांना फुकट शिधा द्यायचा, आणि शिध्याचं प्रमाण ठरलेलं असतं. ऑक्टोबर १९४३ मध्ये बंगालचे हंगामी गव्हर्नर रदरफोर्ड यांनी व्हाइसरॉयला कळवलं की संहिता लावली नाही कारण तीत सांगितलेला शिधा द्यायला आमच्याकडे धान्यच नाही. म्हणजे प्रांताचा हा दोष पुन्हा टनांपाशीच येऊन थांबतो. ऑगस्टमध्ये धान्य कबूल झालं असतं तर निदान जाहीर करायचं धैर्य झालं असतं, आणि धान्य येतंय एवढ्या खात्रीनेसुद्धा दाबलेला माल बाहेर येतो.

तुलनाही जवळची आहे. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये लागू झालं. कलकत्त्यात जानेवारी १९४४ च्या अखेरीस. त्याच देशात, त्याच युद्धात, तीच नोकरशाही. मधले आठ-नऊ महिने मोजा.

---

रामशेज | मंगळवार, सायंकाळी ५.५०

वरचं वाचून माझं मत काही अंशी बदललं आहे. ऑगस्टच्या निर्णयाचं समर्थन जहाजांच्या टंचाईने होत नाही हे मान्य. पण तीन गोष्टी फलकावर आल्या नाहीत तर फलक एकांगी होईल.

एक, ८ ऑक्टोबर १९४३ ला नव्या व्हाइसरॉयला, वेव्हेल यांना, चर्चिलने दिलेल्या लेखी आदेशात धान्यटंचाई दूर करण्यासाठी युद्धाला लागणारी जहाजं वळवावी लागली तरी हरेक प्रयत्न करावा असं वाक्य आहे.

दोन, २९ एप्रिल १९४४ ला चर्चिलने रूझवेल्टना पत्र लिहून ऑस्ट्रेलियाचा गहू भारतात नेण्यासाठी अमेरिकी जहाजं मागितली. लष्करी माल कमी करून वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांत साडेतीन लाख टनांची सोय केली आहे, तरी पुरत नाही, असं त्यात आहे. १ जूनला रूझवेल्टनी नकार दिला.

तीन, ऑगस्ट १९४३ पासून १९४४ च्या अखेरपर्यंत साधारण ९ लाख टन धान्य भारतात पोचलं. ज्याला माणसं ठरवून मारायची आहेत तो हे करत नाही. 'ठरवून' हा शब्द काढावाच लागेल.

---

दस्तऐवज | मंगळवार, रात्री ८.२०

'ठरवून' काढायला माझी पूर्ण संमती. तिन्ही नोंदी फलकावर याव्यात, तारखांसकट, कारण तारखा बोलतात. ८ ऑक्टोबरचा आदेश आणि १० नोव्हेंबरची बैठक यांत जेमतेम महिना आहे. आदेशातलं वाक्य आणि बैठकीतलं वागणं शेजारी शेजारी छापा. रूझवेल्टना पत्र एप्रिल १९४४ चं, आणि ते लिहायला लावण्यासाठी वेव्हेल यांनी हिवाळाभर तारांमागून तारा केल्या. त्या पत्रात बंगालचे मृत चर्चिल 'किमान ७ लाख' लिहितो. म्हणजे आकडा त्याच्यापुढे होता.

९ लाख टनांचंही तसंच. त्यातलं बरंचसं १९४४ मध्ये आलं. उपासमारीचे बळी १९४३ च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर पडत होते.

वेव्हेल यांच्याबद्दल एक ओळ अवश्य हवी. २० ऑक्टोबरला त्यांनी कारभार घेतला, आठवड्याच्या आत बंगालमध्ये होते आणि धान्यवाटपाला सैन्य लावलं. लिनलिथगो दुष्काळाच्या सबंध काळात एकदाही बंगालमध्ये गेले नाहीत. साधनं तीच, माणूस बदलला आणि काम झालं. वरच्या माणसाच्या इच्छेने किती फरक पडतो याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

स्वतः तपासायचं असेल त्यांनी सत्तांतराच्या ब्रिटिश कागदपत्रांच्या ('ट्रान्सफर ऑफ पॉवर') बारा खंडांपैकी चौथा काढावा. १५ जून १९४३ ते ३१ ऑगस्ट १९४४ एवढा काळ त्यात आहे, लंडन-दिल्ली तारा क्रमाने. वाचताना हातात दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा : एका रंगाने मागणी, दुसऱ्याने मंजुरी. प्रत्येक ठिकाणी धान्याचं नाव (गहू, बार्ली, तांदूळ), बंदर आणि महिना लिहा. 'मंजूर', 'जहाजात भरलं', 'पोचलं' हे तीन वेगळे आकडे आहेत. चर्चिलचे टीकाकार पहिला उचलतात, समर्थक तिसरा, आणि भांडण वर्षानुवर्षं तसंच राहतं.

---

सोमेश्वर | मंगळवार, रात्री ९.०५

४० लाखांच्या आकड्याचं काय करायचं?

---

आणेवारी | मंगळवार, रात्री ९.४०

वुडहेड आयोग १५ लाख धरतो. आयोगाने नोंदलेल्या मृत्यूंवर भिस्त ठेवली, आणि नोंद करणारा चौकीदारच मेलेला किंवा परागंदा झालेला असे. सेन २७ ते ३० लाखांपर्यंत जातात. लोकसंख्याशास्त्रज्ञ अरूप महारत्न यांचा अंदाज २१ लाखांचा. ४० लाख वरच्या टोकाच्याही वर आहे. '२१ ते ३० लाख' लिहा. आकडा कमी लिहिल्याने मेलेल्यांचा अपमान होत नाही, फुगवलेला आकडा पकडला गेला की होतो.

मृत्यू कशाने आले हेही लिहा. नुसत्या उपासमारीने गेले त्यांच्यापेक्षा पटकी, मलेरिया, देवी यांनी गेलेले जास्त. मृत्युदर सगळ्यांत वर गेला तो डिसेंबर १९४३ मध्ये, म्हणजे नवं भात हाती येत असताना. झडलेल्या शरीराला ताप झेपत नाही. म्हणून ऑगस्टच्या नकाराची किंमत ऑगस्टमध्ये मोजून चालत नाही, ती पुढच्या वर्षभरात मोजावी लागते.

---

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ७.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मसुदा नव्याने लिहिला. शीर्षक : 'सांगितलं होतं, टनांत सांगितलं होतं'. मजकुराचा गाभा असा :

"१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात आणि त्यामागोमागच्या साथींत २१ ते ३० लाख माणसं मेली. पाऊस नेहमीसारखा होता. पीक कमी होतं, पण एवढी माणसं मरावीत इतकं कमी नव्हतं. होड्या गव्हर्नर हर्बर्टने काढून घेतल्या. भाव बांधण्यात आणि सोडण्यात प्रांताच्या मंत्र्यांनी घोळ घातला. शेजारच्या प्रांतांनी धान्य अडवलं. युद्धखर्चाच्या नोटांनी भाव वाढवले; त्या नोटा आपल्या नाशिकरोडला छापल्या जात, त्यांची मागणी दिल्लीची आणि कारण लंडनचं. ऑगस्टमध्ये ५ लाख टन गहू मागितला गेला : १ कोटी माणसांचं ११२ दिवसांचं अन्न. चर्चिलच्या मंत्रिमंडळाने ३३ दिवसांचं दिलं, त्यातलं २२ दिवसांचंच भारताकडे निघणार होतं. तोपर्यंत अटलांटिकची लढाई फिरली होती."

खाली दोन चौकटी. डावीकडे ८ ऑक्टोबरचा आदेश, उजवीकडे १० नोव्हेंबरची एमरींची नोंद, 'रोज दहा लाख'सकट. तळाला रूझवेल्टना पत्र आणि नकार. वेव्हेल यांची ओळ आठव्या फलकावर नेली, इथे जागा उरली नाही. छायाचित्र आलं आहे, हाडांचे सापळे झालेल्या सात-आठ माणसांचा गट बसलेला.

---

दस्तऐवज | बुधवार, सकाळी ८.३०

ते छायाचित्र थांबवा. वर्णनावरून ते १८७६-७८ च्या मद्रास दुष्काळाचं, विलोबी हूपरने काढलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. नेटवर ते सर्रास बंगाल १९४३ म्हणून फिरतं. ओळखायची खूण : माणसं कॅमेऱ्यासाठी रांगेत मांडून बसवलेली, हूपर तसंच करायचा. त्याऐवजी झैनुल आबेदिन किंवा चित्तोप्रसाद यांची १९४३ मधली रेखाटनं घ्या, किंवा सुनील जाना यांचं छायाचित्र. तिघांनीही ते डोळ्यांनी बघून काढलं आहे. छापण्याआधी परवानगी लागेल, ती ज्याच्या संग्रहातून प्रत घेता त्याच्याकडे लेखी मागा.

---

जेलरोड | बुधवार, सकाळी ९.१५

'त्यांची मागणी दिल्लीची' यात दुरुस्ती. नोटा काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा, तिचं मुख्यालय मुंबईत. 'नोटा रिझर्व्ह बँकेच्या, खर्चाचा हुकूम दिल्लीचा, कारण लंडनचं' असं करा. आणि जमलं तर त्या काळातली पाच रुपयांची सहाव्या जॉर्जची एक खरी नोट काचेखाली ठेवा. जलचिन्ह दिसेल अशी, मागून उजेड टाकून.